परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय? ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्या मुलामुलींसाठी

गेल्या महिन्यात कोपरखैरण्याहून एका आईचा फोन आला. "ताई, मुलाला जर्मनीला समाजसेवेच्या वर्षासाठी पाठवायचंय. एजंट साडेतीन लाख मागतोय, निम्मे आत्ता आणि निम्मे व्हिसा आल्यावर. भरू का?" मी म्हटलं, "एक रुपयाही भरू नका. आधी मुलाला फोन द्या." मुलगा बीएस्सी झालेला, बोलायला चुणचुणीत. पण आपण कुठल्या गावाला जाणार, हे त्याला सांगता येईना. काम वृद्धाश्रमात आहे की शाळेत, तेही माहीत नाही. जर्मनचा एक धडाही झालेला नव्हता.

असे फोन मला वरचेवर येतात. मी दक्षिण जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेवक होते, आणि परत आल्यापासून रविवारी सकाळी ऐरोलीच्या घरी मुलंमुली चौकशीला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे, तो आधीच सांगते: तिथल्या माणसांना तुमची गरज का आहे? गावाचं आणि कामाचं नाव घेऊन याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं, तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. देता आलं नाही, तर अजून पैसे भरायची वेळ आलेली नाही.

आधी नावं नीट समजून घ्या

'जर्मनीला पाठवतो' या एका वाक्याखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आउसबिल्डुंग म्हणजे पगारी व्यवसायशिक्षण, साधारण दोन ते साडेतीन वर्षांचं. ओ-पेअर म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणं. जर्मनीत त्यासाठी वयाची अट १८ ते २६. आणि स्वयंसेवेचं वर्ष ही तिसरीच गोष्ट. ती नोकरी नाही आणि शिक्षणही नाही. वृद्धाश्रम, रुग्णालय, अपंग मुलांची शाळा, बालवाडी किंवा निसर्गसंवर्धनाचा प्रकल्प, अशा ठिकाणी पूर्णवेळ हाताखाली काम करायचं. बदल्यात राहण्याची सोय, जेवण, विमा आणि हातखर्चाला थोडे पैसे.

याशिवाय दोन-तीन आठवड्यांची वर्ककॅम्प असतात, म्हणजे श्रमदानाची आंतरराष्ट्रीय शिबिरं. आणि काही कंपन्या सेवेच्या नावाखाली चक्क सहल विकतात: सकाळी शाळेत दोन तास, दुपारी हत्ती बघायला. सहलीला जायचं असेल तर खुशाल जा, पण तिला सेवा म्हणू नका.

पुष्कळ मुलं स्वयंसेवेच्या वर्षाकडे तिथल्या शिक्षणाचा किंवा नोकरीचा जिना म्हणून बघतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. माझ्याबरोबरच्या दोघांनी त्याच वर्षात भाषा पक्की केली आणि पुढे नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला लागले. पण ते वर्षभर रोज सकाळी सहाला हजर असायचे, आजारी म्हाताऱ्यांचे कपडे बदलायचे. नुसता जिना म्हणून आलेल्यांचं मन तिसऱ्या महिन्यात उडतं, आणि त्याचा त्रास तिथल्या म्हाताऱ्या माणसांना होतो.

इथे काय केलंय, ते मोजा

परदेशातली संस्था पहिला प्रश्न विचारते: आतापर्यंत काय केलंत? 'मला समाजसेवेची आवड आहे' या वाक्याला तिथे कवडीची किंमत नाही.

कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेली ही योजना आजही चालू आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर पुरं केलं की प्रमाणपत्र मिळतं. बरीच मुलं ते गुणांसाठी उरकतात आणि नंतर फाइलमध्ये टाकून विसरतात. अर्जाला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. शिबिर कुठल्या गावात होतं, बंधारा बांधलात की सर्वेक्षण केलंत, किती जण होतात, हे सगळं त्याच आठवड्यात वहीत उतरवून ठेवा.

कॉलेज संपलं असेल तरी आपल्या आसपास कामाला तोटा नाही. ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत खाडीचा किनारा आहे. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खारफुटीतला कचरा उचलणारे गट दोन्ही बाजूंना आहेत. गणपतीत कृत्रिम तलावांवर निर्माल्य वेगळं करायला दर वर्षी हात कमी पडतात.

कळव्याची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "ताई, मी काहीच केलेलं नाही." खोदून विचारल्यावर कळलं की ती सलग तीन वर्षं विसर्जनाला निर्माल्य वेगळं करायला बसत होती. मी तिला तेवढंच लिहायला सांगितलं. तिने लिहिलं की हारातला दोरा आणि चकचकीत झिरमिळ्या आधी ओढून काढाव्या लागतात, नाहीतर खतात प्लॅस्टिक जातं. तो दोरा ओला झाला की बोटं कापतो, म्हणून ती घरून जुनी कात्री न्यायची. शिवाय दीड दिवसाच्या गणपतीपेक्षा अनंत चतुर्दशीला मदतीला माणसं जास्त येतात, म्हणून तिने सुट्टी दीड दिवसाच्या विसर्जनाला टाकली. ते पत्र वाचून तिला पर्यावरणाच्या प्रकल्पात मुलाखतीला बोलावलं. काम कसं चालतं हे कळणारं माणूस कुठल्याही देशात हवंच असतं.

घरी बसूनही सुरुवात होते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन कामं असतात: भाषांतर, संशोधन, चित्रं, संकेतस्थळं. ओपन स्ट्रीट मॅपच्या मानवतावादी गटात उपग्रहाची छायाचित्रं बघून घरं आणि रस्ते नकाशावर उमटवायचे असतात. नेपाळमध्ये एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरच्या हजारो लोकांनी असे नकाशे केले आणि मदत पथकांनी ते वापरले. रोज संध्याकाळी एक तास दिला तरी सहा महिन्यांत दाखवण्यासारखं काम होतं.

कुठली दारं आपल्याला उघडी आहेत

आधी बंद दारं सांगते, म्हणजे वेळ वाचेल. अमेरिकी सरकारचा स्वयंसेवक कार्यक्रम, पीस कोअर, फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. जायका या जपान सरकारच्या मदत संस्थेचे स्वयंसेवक जपानीच असतात. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर ही १८ ते ३० वयाच्या तरुणांसाठी युरोपीय संघाची चांगली योजना आहे, पण ती संघातले देश, त्यांना जोडलेले काही देश आणि शेजारी देश यांच्यापुरती. भारतात राहणाऱ्यांना त्यातून जाता येत नाही. 'युरोपियन सॉलिडॅरिटीत तुमची जागा पक्की' असं इथे कुणी म्हणालं, तर तिथूनच उठा.

आता उघडी दारं. सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात जवळचं वाटणारं म्हणजे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दँजवळच्या एका उद्ध्वस्त गावात पहिलं शिबिर भरवलं. काल-परवापर्यंत शत्रू असलेल्या देशांची माणसं तिथे एकत्र घरं बांधत होती. तेच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आले आणि तिथल्या गावांच्या पुनर्वसनात राबले. ही संस्था भारतातही आहे. तिची शिबिरं बहुधा दोन-तीन आठवड्यांची असतात. राहणं-जेवण शिबिराकडे, विमानाचं तिकीट आणि थोडं नोंदणी शुल्क आपल्याकडे. युरोपातल्या शिबिरांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, जून ते सप्टेंबर. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सुचवते: तीन आठवड्यांत स्वतःचं मन कळतं, आणि नाही रमलं तरी वर्ष वाया जात नाही.

जर्मनीच्या वर्षाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एफएसजे, म्हणजे स्वेच्छा सामाजिक वर्ष, २७ पुरी व्हायच्या आत करता येतं. बीएफडी ही केंद्र सरकारची स्वयंसेवा. सक्तीची लष्करभरती थांबल्यावर २०११ साली सुरू झाली आणि तिला वयाची वरची मर्यादा नाही. तिथले लोक या स्वयंसेवकांना लाडाने 'बुफ्डी' म्हणतात. वर्षभराच्या सेवेत २५ दिवस शिबिरवजा वर्ग असतात. शिवाय जर्मन सरकारची 'वेल्टवेर्ट्स' नावाची योजना आहे. ती २००८ साली जर्मन तरुणांना बाहेर पाठवायला सुरू झाली, आणि २०१३ पासून तिच्यात उलटी वाटही आहे: आपल्यासारख्या देशांतली मुलं जर्मनीत. या वाटेने जाणाऱ्यांचा प्रवास आणि तयारी यांचा खर्च योजनेतून होतो, पण निवड इथल्या भागीदार संस्थेमार्फतच होते.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे, मुख्यालय जर्मनीतल्या बॉनला. तरुण स्वयंसेवकांचा गट १८ ते २६ वयाचा. निर्वाहभत्ता, प्रवास आणि विमा मिळतो, स्पर्धाही तशीच जबर असते. पदवी आणि थोडा अनुभव असेल तर नाव नोंदवून ठेवा, पण त्याच एका आशेवर बसून राहू नका.

एआयसेक ही विद्यार्थ्यांची संघटना सहा ते आठ आठवड्यांचे प्रकल्प देते आणि त्यासाठी शुल्क घेते. त्या शुल्कात राहणं-जेवण धरलंय की नाही, हे प्रकल्पागणिक लेखी विचारा.

नेपाळकडे आपण उगाच कानाडोळा करतो. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, भाषा चार आठवड्यांत कानावर बसते आणि तिकीट परवडतं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डाच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नका.

भाषा

इथे मी थोडी कठोर आहे. वृद्धाश्रमात किंवा बालवाडीत काम करायचं असेल आणि तिथली भाषा येत नसेल, तर तुमची मदत होण्याऐवजी अडचणच होते. युरोपात भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत मोजतात. जर्मन संस्था बहुधा बी-वन, म्हणजे मधली पातळी मागतात, काही तिच्या खालच्या ए-टूवर घेतात. अगदी सुरुवातीपासून बी-वनपर्यंत यायला नियमित अभ्यासाचे दहा-बारा महिने धरा. 'तीन महिन्यांत बी-वन' अशी जाहिरात दिसली तर पुढे चला.

परीक्षेसाठी मुंबईत काळा घोड्याजवळ मॅक्सम्युलर भवन, म्हणजेच गोएथे इन्स्टिट्यूट आहे. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत. क्लास कुठलाही लावा, पण परीक्षा मान्यताप्राप्त केंद्राचीच द्या. तारखा लवकर भरतात, तेव्हा नोंदणी उघडायच्या दिवशीच अर्ज भरा.

बी-वन उत्तीर्ण होऊन मी गेले आणि पहिल्याच सकाळी गडबडले. मला 'गुटन मॉर्गन' शिकवलेलं, तिथे सगळे 'ग्र्यूस गॉट' म्हणत होते, आणि आजीलोकांची बोली तर पाठ्यपुस्तकाच्या गावीही नव्हती. आपल्याकडे पुण्याच्या पुस्तकातली मराठी शिकून कुणी थेट मालवणात उतरावं, तसं झालं. जागा नक्की झाली की त्या भागातल्या रेडिओचे कार्यक्रम रोज अर्धा तास कानावर पडू द्या.

संस्था तपासा, ताकही फुंकून प्या

माझ्या ओळखीच्या एका मुलीने एका सल्लागाराला ऐंशी हजार दिले होते. हातात पत्र आलं, त्यावर वृद्धाश्रमाचं नाव आणि शिक्का. आम्ही त्या वृद्धाश्रमाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा ईमेल पत्ता शोधून साधं पत्र पाठवलं: या नावाची स्वयंसेवक तुम्ही बोलावली आहे का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आम्हाला या मुलीबद्दल काहीही माहीत नाही. सल्लागाराने हात वर केले, पैसे गेले ते गेले. ते एक ईमेल दोन महिने आधी गेलं असतं तर पैसे वाचले असते.

म्हणून क्रम असा ठेवा. पत्रावरचा फोन किंवा ईमेल वापरू नका, संस्थेचा पत्ता स्वतः शोधून तिथे थेट लिहा. तुमच्या कामाची देखरेख करणाऱ्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोला. आता तिथे असलेल्या किंवा नुकत्याच परतलेल्या स्वयंसेवकाशी गाठ घालून द्या, असं सांगा. चांगली संस्था आनंदाने घालून देते. करार वाचा: आठवड्याचे तास, सुट्ट्या, खोली, जेवण, हातखर्च, विमा, आणि मध्येच सोडायची वेळ आली तर काय. जर्मनीच्या बीएफडीचा करार तिथल्या संघराज्य कचेरीच्या मान्यतेशिवाय पुरा होत नाही. नुसत्या एजंटच्या सहीचा कागद घेऊन कुणी आलं, तर तो करार नव्हे.

आणि पैसा कुठून कुठे जातोय ते बघा. नोंदणी शुल्क, तिकीट, व्हिसा, भाषेचा क्लास, हे खर्च समजण्यासारखे आहेत आणि त्यांची पावती मिळते. जागा 'मिळवून देण्याचे' लाखो रुपये कुठल्याच सरळ व्यवहारात बसत नाहीत. संयुक्त राष्ट्रं तर निवडीसाठी कुठल्याच टप्प्यावर पैसे मागत नाहीत.

एक गंभीर गोष्ट. थायलंडला 'डेटा एन्ट्री', 'स्वयंसेवा आणि पगारही' अशा आमिषाने नेलेली मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकवली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. कुणी नोकरीचं नाव काढलं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो एजंट नोंदणीकृत आहे का ते बघा. नसेल, तर त्याच्याकडे पासपोर्ट सोडाच, त्याची झेरॉक्सही देऊ नका.

अनाथाश्रमांबद्दल माझं मत पक्कं आहे: थोड्या दिवसांसाठी जाऊ नका. कंबोडिया आणि नेपाळमध्ये परदेशी पाहुण्यांच्या पैशासाठी, आईवडील हयात असलेली मुलंही अशा संस्थांत आणून ठेवल्याचं उघड झालं आहे. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये युनिसेफने याचाच इशारा दिला होता. आणि समजा संस्था चांगली आहे, तरी तीन आठवडे लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग त्या लेकरांनी किती वेळा सोसायची? आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ओळखदेख नसलेला परका माणूस येऊन मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढू लागला, तर आपण चालवून घेऊ का? जी संस्था लहान मुलांच्या कामासाठी तुमचा पोलीस दाखला मागत नाही, तिच्याकडे जाऊ नका.

व्हिसा

'पगार नाही म्हणजे काम नाही' हा समज मुलांना सगळ्यात महागात पडतो. बहुतेक देशांचा कायदा तुम्ही काम करताय का ते बघतो, पैसे मिळतात का ते नंतर. शेतावर चार-सहा तास काम आणि बदल्यात राहणं-जेवण, अशी व्यवस्थासुद्धा पुष्कळ देशांत कामच धरली जाते. थायलंडला पर्यटक म्हणून जाऊन शाळेत शिकवायला लागलात तर वर्क परमिट नसल्याचा गुन्हा होऊ शकतो.

ब्रिटनचा नियम स्पष्ट आहे. पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. त्याहून जास्त करायची तर चॅरिटी वर्कर व्हिसा, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा, आणि त्यासाठी परवानाधारक संस्थेचं प्रायोजकपत्र लागतं. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि त्याला किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. शिबिरासाठी अर्ज करताना संस्थेचं निमंत्रणपत्र जोडा आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा. 'टुरिझम लिही, सोपं पडतं' असं सांगणारे भेटतील. मुलाखतीत एक प्रश्न वेगळा आला की गाडी तिथेच अडते, आणि नकाराची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते.

जर्मनीच्या वर्षासाठी इथूनच राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा व्हिसा, घेऊन जावं लागतं. तिथे जाऊन बदलून घेऊ, हे आपल्याला चालत नाही. महावाणिज्य दूतावास मुंबईतच आहे, पण भेटीची तारीख मिळायला आणि निर्णय यायला महिने जातात. सप्टेंबरात रुजू व्हायचं असेल तर करार फेब्रुवारी-मार्चपर्यंत हातात हवा.

कागदपत्रं

पासपोर्टसाठी ठाण्याचं सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे. साधं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला त्यावर २,००० अधिक. दहावी उत्तीर्ण असाल तर तो दाखला जोडा, म्हणजे पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाण्याआधीच्या सरकारी तपासणीची, अट लागत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांची नेमकी अडचण नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम, पदवीवर तिसराच. एका मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात छापून आलं होतं आणि जर्मन करारात तो वडिलांच्या नावानेच ओळखला जात होता. अर्ज भरायच्या आधी सगळी कागदपत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावातलं एकेक अक्षर जुळवा. एखादा 'ए' कमी-जास्त असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फतच काढा, शुल्क ५०० रुपये. शिक्षणाच्या कागदांना काही देश अपोस्टिल मागतात, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, असा क्रम असतो. याला तीन-चार आठवडे हाताशी ठेवा.

केनिया, युगांडा, घाना अशा देशांत जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांच्याकडे ती मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक परतीलाही जपा. नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पैसे आणि घरचे

बीएफडीचा हातखर्च २०२५ मध्ये जास्तीत जास्त ६४४ युरो ठरलेला होता, पण ती वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्याहून बरंच कमी मिळतं. त्यातून घरी पैसे पाठवता येतील असं आईवडिलांना सांगू नका. तिकीट, व्हिसा, भाषेची परीक्षा, थंडीचे कपडे आणि पहिल्या महिन्याचा खर्च इथूनच जमवावा लागतो. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला वर्षभर हात लावू नका. ती शिल्लक असली की वाईट जागेतून उठून यायला माणूस घाबरत नाही.

घरी विरोध होतो, मुलींना जास्त. माझ्या बाबांनी सहा महिने विषय टाळला. शेवटी मी त्यांना त्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंशी व्हिडिओवर बोलायला बसवलं. इंग्रजी दोघांचंही बेताचंच. बाबांनी विचारलं, "रात्रपाळी आहे का? घरी कोण सोडणार?" बाईंनी कॅमेरा फिरवून खोलीपासून कामाच्या इमारतीपर्यंतचं अंगण दाखवलं. त्यानंतर त्यांनी विषय टाळला नाही. तुमच्या घरच्यांचे प्रश्न उडवून लावू नका, कागदावर लिहून घ्या आणि संस्थेलाच विचारा.

पोचल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, बँक खातं, आरोग्यविम्याचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कचेरीतली भेट. भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा आणि अडचणीत तक्रार करायला परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' संकेतस्थळ आहे हे लक्षात ठेवा. युरोपभर आपत्कालीन क्रमांक ११२. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मी शनिवारी रात्री पोचले होते, रविवारी खोलीत आईने दिलेल्या दशम्या आणि चटणी एवढंच होतं. शुक्रवारी पोचेल असं तिकीट काढा.

कामात पहिले दोन महिने बघायचे असतात. माझ्या मजल्यावर एक आजी होत्या, स्मृतिभ्रंश झालेल्या. सकाळचा पाव खायच्या नाहीत, ताट सरकवून द्यायच्या. आठवडाभर मी समजावत राहिले. मग तिथल्या जुन्या परिचारिकेने मला न बोलता दाखवलं: पावाला लोणी कडेपर्यंत लावायचं, सालाचा कडक भाग काढायचा, चार चौकोन करायचे आणि ताट समोर न ठेवता उजव्या हाताशी ठेवायचं. डाव्या डोळ्याने त्यांना दिसत नव्हतं. आजींनी पहिला चौकोन उचलला आणि माझ्याकडे बघून हसल्या. कागदावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हा कुणी दाखवत असेल तर हातातलं काम थांबवून बघा, आणि रात्री वहीत उतरवा.

त्रास झाला तर सहन करत बसू नका. ठरल्यापेक्षा जास्त तास, एकट्याने रुग्ण उचलायला लावणं, खोलीला कडी नसणं, अंगाला हात लावणं, यातलं काहीही घडलं की त्याच दिवशी पाठवणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाला लेखी कळवा. जागा बदलून मिळू शकते. माझ्या गटातल्या दोघींनी बदलून घेतली, आणि त्यांचं वर्ष पुढे चांगलं गेलं.

निघायच्या महिनाभर आधी कामाचं प्रमाणपत्र मागा. जर्मनीत तो तुमचा हक्क आहे. नुसत्या तारखांचं नको, काय काम केलं आणि कसं केलं याचा उल्लेख असलेलं सविस्तर मागा, आणि सही-शिक्क्याची मूळ प्रत हातात घेऊनच विमानतळावर जा. इथे परतल्यावर टपालाची वाट बघण्यात मी चार महिने घालवले आहेत.